वादातला धुरा आणि सारसाची दोन अंडी

३१ ऑगस्ट, रविवार. स्थळ : नाशिक, आमच्या सोसायटीचा गणपतीचा मांडव. जमा रक्कम : दहा हजार पाचशे रुपये. हजर : नऊ सभासद आणि गणपती.

ही रक्कम कशी जमली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास कशासाठी झाला ते कळेल. मार्चमध्ये आम्ही आवारातला एक शिरीष आणि एक गुलमोहर तोडून आठ गाड्यांची जागा केली. एप्रिलमध्ये गाड्या उन्हात तापू लागल्या म्हणून त्यांच्यावर पत्र्याची शेड घातली. मे महिन्यात त्या पत्र्याची धग तळमजल्यावरच्या चार घरांत शिरू लागली म्हणून त्या चार घरांनी एसी बसवले. जूनमध्ये विजेचा दाब कमी पडू लागला. तेव्हा कुठे आमच्या सोसायटीचे पर्यावरणप्रमुख श्री. पाटणकर यांना वाटलं, की आपण निसर्गाचं काहीतरी देणं लागतो. दर गाडीमागे दीड हजार रुपये काढायचं ठरलं. सात जणांनी दिले. आठव्याची गाडी विजेवर चालते. त्याचं म्हणणं पडलं, की त्यानं निसर्गासाठी जे करायचं ते शोरूममध्येच केलेलं आहे.

खजिनदार मी आहे. पैसे जमले, पण ते द्यायचे कुणाला? पालिकेला दिले तर ती शोभेची झुडपं लावणार. एखाद्या संस्थेला दिले तर कॅलेंडर येणार. तेवढ्यात माझी पत्नी सुनंदा मागून म्हणाली, "आमच्या शकुनच्या शेतात सारस बसलाय अंड्यांवर. त्यालाच द्या."

शकुन ही सुनंदाची धाकटी बहीण. ती मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, किरनापुरच्या अलीकडच्या एका गावात दिलेली आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. सारसाचं बँकेत खातं नसल्यामुळे रक्कम प्रत्यक्ष नेऊन द्यायची, असं ठरलं. सप्टेंबरच्या मध्यावर मी, सुनंदा आणि पाटणकर निघालो. जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, हे मी पाटणकरांकडून दोनदा वदवून घेतलं.

राजेगाव

गाडीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गोंदियाला वामनराव, म्हणजे शकुनचे यजमान आणि माझे साडू, जुनी जीप घेऊन आले होते. पन्नाशीचा माणूस, अंगानं काटक, बोलताना समोरच्याचा दंड धरायची सवय. गोंदिया सोडलं की थोड्या वेळात नदी लागते आणि नदीपलीकडे राजेगाव. तिथे महाराष्ट्र संपतो. संपतो म्हणजे पाट्या हिंदी होतात आणि पेट्रोलचा भाव बदलतो. भात तोच, माणसं तीच. तलाठ्याला तिकडे पटवारी म्हणतात, आणि तोही इकडच्यासारखाच नेमका आपण गेलो त्या दिवशी भेटत नाही.

राजेगावला एका हॉटेलात पोहे आणि जिलेबी खाल्ली. गोड आणि तिखट एकाच वेळी, एकाच कागदावर. पाटणकरांनी पिशवीतून स्वतःची स्टीलची ताटली, चमचा आणि पेला काढला आणि हॉटेलवाल्याला प्रदूषणाबद्दल थोडं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोहे कागदावर मोजले, कागदावरून ताटलीत ओतले आणि कागद फेकून दिला.

"साडूभाऊ," वामनराव माझा दंड धरून म्हणाले, "हे साहेब कोन होय?"

"आमचे पर्यावरणप्रमुख."

"पगार किती भेटते?"

"पगार नाही. मानद आहे."

"मंग ठीक हाय," वामनराव म्हणाले. "मले वाटलं, सरकारी मानूस होय का काय."

पाटणकरांना वाघाची ओढ होती. जिल्ह्यात कान्हाचं जंगल आहे हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवंगार धान पसरलेलं, मध्येच मोहाचं एखादं झाड, आणि पाटणकर दर दहा मिनिटांनी विचारत होते, "इथे वाघ दिसण्याची शक्यता किती?"

"हाय नं," वामनराव म्हणाले. "तुमी त्याले दिसले, ही शक्यता खूप हाय."

धुरा

शकुननं जेवायला सात्या केल्या होत्या. पावसाळ्यात वारुळाच्या मातीतून उगवणारी ही अळिंबी. बाजारात तिचा भाव मटणाच्या वर जातो, म्हणून घरी आलेल्या पाहुण्याला ती वाढली की पाहुण्यानं काय समजायचं ते समजावं. पळसाच्या पानात भाजलेले पानगे होते, भात होता. मी शकुनला विचारलं, की पूर्वी तू लग्नानंतर पहिल्यांदा आम्हाला बांधीतल्या मासोळ्यांचं कालवण खाऊ घातलं होतंस, ते काय झालं? धानाच्या एकेका वाफ्याला तिकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंना मातीचा बांध, त्याला धुरा म्हणायचं, आणि आत पाणी.

"मासोळ्या आता कुठं जी भाऊजी," शकुन म्हणाली. "फवारनी पाहा नं किती होते. खेकडे गेले, बेडूक गेले. पहिले रात्री बेडकांच्या आवाजानं झोप नाई ये. आता डास हायेत, त्याईच्यानं नाई ये."

संध्याकाळी शेतावर गेलो. नजर पोचेल तिथवर बांध्याच बांध्या, आणि बांध्या म्हणजे चांगली कबड्डीची मैदानं म्हणावीत एवढ्या मोठ्या. वामनरावांनी सांगितलं, की पूर्वी इथे लहान लहान तुकडे होते आणि हातभर रुंदीचे धुरे जागोजाग होते. धुऱ्यांवर बाभळी, बोरी, गवत. मग कापणीचं मोठं यंत्र आलं. ते धुऱ्यावरून चढत नाही. गावानं धुरे फोडले, झाडं विकली, जमीन सपाट केली.

"तोच एक राह्यला," असं म्हणून त्यांनी हात केला.

त्या सगळ्या सपाटीत एकच जागा उंचसखल होती. एक धुरा. धुरा कसला, एखाद्या गल्लीएवढा रुंद पट्टा. त्यावर बोरीची जाळी, कमरेएवढं गवत, एक वाकडं हिवराचं झाड आणि कोपऱ्यात साचलेल्या पाण्याचं डबकं. डबक्याच्या कडेला गवताकाड्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर माणसाच्या छातीएवढा उंच, राखी रंगाचा, मान लाल असलेला पक्षी उभा होता. दुसरा बांधीत चालत होता. पाय असे टाकत होता, जणू पायघड्यांवरून चाललाय.

"अंडी दोन हायेत," वामनराव हळू आवाजात म्हणाले. "यंदा पाऊस उशिरा आला. धानाची रोवनी उशिरा झाली. या पाखराईचंबी सगळं उशिरा झालं."

मी विचारलं, हाच एक धुरा का राहिला?

वामनराव खाकरून बाजूला थुंकले. "हा वादातला हाय."

पलीकडची, उताराकडची बांधी त्यांचे चुलतभाऊ हिरामण यांची. दोघांच्या वडिलांमध्ये वाटणी झाली तेव्हा हा धुरा कुणाचा ते लिहायचं राहिलं. वडील भांडले, मग मुलं भांडली. सीमेचा दावा किरनापुरच्या तहसील कचेरीत तेव्हापासून चालू आहे. आता त्या गावची रीत अशी, की जो धुऱ्याला फावडं लावेल त्यानं तो आपला म्हणून कबूल केला असं पंच धरतात, आणि ज्यानं दुसऱ्याला लावू दिलं त्यानं सोडला असं धरतात. त्यामुळे वामनराव हिरामणला हात लावू देत नाहीत आणि हिरामण वामनरावांना. धुरा कुणी फोडला नाही, कुणी तासला नाही, त्यावरचं गवत कापलं नाही, बोर तोडली नाही. औषधाचा पंप घेऊन कुणी वर चढलं नाही. गावानं बाकी सगळीकडे शेती केली. इथे फक्त भांडण केलं.

मी दहा हजार पाचशे रुपये खिशात घेऊन उभा होतो आणि मनात विचार करत होतो, की एवढ्या पंचक्रोशीत रानाचा जो एकुलता एक तुकडा उरला आहे तो कुठल्या खात्यानं राखलेला नाही, संस्थेनं नाही, आमच्यासारख्या समितीनं तर नाहीच. तो दोन चुलतभावांच्या तोंड न पाहण्यानं राखला आहे.

"पन आता बस झालं, साडूभाऊ," वामनराव म्हणाले. "माहा पोरगा रायपूरले, त्याचा नागपूरले. कोनी येऊन शेती करनार हाय का? शुक्रवारी पेशी हाय. सरपंच बाईनं समझौता लिहून ठेवला हाय. अर्धा धुरा याचा, अर्धा त्याचा. सही झाली की दुसऱ्या दिवशी जेसीबी लावून सगळं सपाट. यंत्र सीधं इकडून तिकडे."

"आणि ही अंडी?"

"तेच तं," वामनराव पक्ष्याकडे बघत म्हणाले. "मले त्याचंच वाईट वाटून राह्यलं."

अंड्यांतून पिल्लं निघायला अजून अवकाश होता, आणि निघालेलं पिल्लू उडू लागायला सगळा हिवाळा. शुक्रवार चार दिवसांवर.

पाटणकरांचा समेट

पाटणकरांनी या सगळ्यातलं एवढंच ऐकलं, की दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. "माणूस माणसाशी जोडला गेला तरच तो निसर्गाशी जोडला जातो," असं ते म्हणाले आणि वहीत लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच हिरामणकडे गेले. हिरामण हा वामनरावांपेक्षा वयानं दोन वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट, आणि फार कमी बोलणारा. पाटणकरांनी त्याला नाशिकचा चिवडा दिला. हिरामणनं चिवडा ठेवून घेतला आणि त्यांना सरपंचाकडे नेऊन बसवलं. सरपंच मायाबाई गजभिये. चाळिशीच्या बाई, पायांत बूट, स्कूटीवर फिरणाऱ्या. त्यांना पाटणकर म्हणजे आयतेच सापडले. पेशीच्या, म्हणजे कचेरीतल्या तारखेच्या, आधी दोघांना रामपायलीच्या देवळात नेऊ, रामासमोर हातात हात देऊ, म्हणजे शुक्रवारी कुणी फिरणार नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं.

पाटणकरांनी येताना एक फ्लेक्सही छापून आणलं होतं, स्वतःच्या खर्चानं. चांगलं आठ फूट लांब. वर मोठ्या अक्षरांत 'सारस संवर्धनासाठी रु. १०,५००', खाली सोसायटीचं नाव, आणि मध्ये पक्ष्याचं चित्र. ते गावात उलगडलं तेव्हा माणसं गोळा झाली. चित्रातला पक्षी गुलाबी होता आणि त्याची चोच वाकडी होती.

"हे कोन्तं पाखरू होय?" मायाबाईंनी विचारलं.

"रोहित, म्हणजे फ्लेमिंगो," मी म्हणालो. "छापणाऱ्याला सारस सापडला नसेल."

"आमच्याइकडे येते का?"

"नाही."

"मंग त्याच्या नावानं पैसे आनले का आमच्या सारसाच्या?" मायाबाई म्हणाल्या आणि सगळी आळी हसली. पाटणकर म्हणाले, की चित्र प्रतीकात्मक आहे.

रात्री जेवताना मी सुनंदाला म्हणालो, की समेट झाला तर आपले पैसे जेसीबीच्या कामी येणार. ती म्हणाली, "मग तुम्ही काहीतरी करा की. खजिनदार ना तुम्ही?" मी म्हणालो, खजिनदाराचं काम पैसे सांभाळणं आहे, भावांना भांडत ठेवणं नाही. त्यावर शकुन आतून म्हणाली, "भांडत ठेवाले कोनी नाई लागत, भाऊजी. ते दोघंच पुरे हायेत."

पाणी

रामपायलीला जायचं ठरलं होतं त्या पहाटेपासून पाऊस लागला. लागला म्हणजे आम्ही नाशकात ज्याला पाऊस म्हणतो तसा नाही. पत्र्यावर कुणीतरी धानाची पोती ओतत असल्यासारखा. पाऊस परत फिरायचे हे दिवस.

"पहिले या दिवसांत उघाड पडे," वामनराव दारात उभे राहून म्हणाले. "आषाढात बोलावलं तं आला नाई. आता न बोलावता बसून राह्यला. आमच्या मोठ्या व्याह्यासारखं करून राह्यला."

रामपायलीचा रस्ता नाल्यावर तुटला. समेट पुढे गेला. पण दहाच्या सुमाराला वामनराव घोंगडं घेऊन शेताकडे धावले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. रामपायलीला न्यायचं फ्लेक्स पाटणकरांच्या बगलेत तसंच होतं.

वरच्या सगळ्या सपाट केलेल्या बांध्यांतलं पाणी, अडवायला मधले धुरे नसल्यामुळे, एकदम वामनरावांच्या बांधीत येत होतं आणि वादातल्या धुऱ्याला येऊन थडकत होतं. डबकं भरलं होतं. घरट्याच्या ढिगाला पाणी लागलं होतं. नर पक्षी बांधीतून धानाच्या चुडीच्या चुडी, म्हणजे मुठीमुठीची रोपं, उपटून आणत होता आणि ढिगावर टाकत होता. मादी अंड्यांवरून उठली नाही. नर टाकायचा, ती चोचीनं ओढून पोटाखाली घ्यायची.

"माह्या धानाचं घर बांधून राह्यला," वामनराव म्हणाले. तक्रार करत होते की कौतुक, ते मला समजलं नाही.

उपाय सोपा होता. धुऱ्याला खालच्या टोकाला चर काढायचा आणि पाणी उताराला सोडायचं. उताराला हिरामणची बांधी. त्याचं धान पोटरीवर आलेलं, म्हणजे कणसं पोटात धरलेली. एवढं पाणी त्यात उभं राहिलं की खालचा पट्टा गेला. हिरामण पलीकडे छत्री घेऊन उभा होता. दोघांच्या मध्ये वीसेक पावलं, धुरा आणि अंड्यांवर बसलेली मादी.

त्या दिवशी मला कळलं, की न बोलणारी माणसं तिकडे बोलतात कशी.

"पाखरा," वामनराव मोठ्यानं मादीला म्हणाले, "सांग त्याले, पानी खाली नाई गेलं तं तुहे अंडे गेले."

हिरामणनं छत्री सरळ केली. "पाखरा, त्याले म्हन, पानी त्याच्या बांधीतलं हाय. माह्या धानानं काहून मरावं?"

"पाखरा, त्याले म्हन, पानी माह्या घरचं नाई. वरून गावाचं आलं."

"पाखरा, त्याले विचार, चर कोन काढनार? त्यानं काढला तं शुक्रवारी म्हनन, धुरा माहा होता म्हनून काढला."

"पाखरा, त्याले म्हन, त्यानंच काढावा."

"मंग म्हनन, हिरामणनं फोडला, नुकसान हिरामणनं भरावं."

मादीनं दोघांकडेही पाहिलं नाही. पाण्यानं ढिगाचा आणखी एक थर गिळला. पाटणकर म्हणाले, की अशा प्रसंगी संवाद फार महत्त्वाचा असतो. मायाबाई स्कूटी चिखलात टाकून पायी आल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुमाले या धुऱ्यात काही भेटनार हाय का?"

"काही नाही."

"तुमी या गावचे हाय का?"

"नाही."

"मंग घ्या फावडं."

मी सत्तावन्न वर्षांचा आहे. हिशेबाची कामं सोडून आयुष्यात फारसं काही खणलेलं नाही. पण त्या सगळ्या माणसांत त्या धुऱ्यावर कसलाही हक्क नसलेला, आणि म्हणून त्याला हात लावण्याचा हक्क असलेला असा मीच होतो. मी खणायला लागलो. तीन वेळा फावडं निसटलं, एकदा मी. चर पडला, पाणी सुटलं, आणि सुटताना कडेची माती ओढून नेऊ लागलं. असंच चाललं असतं तर घरट्याकडची कडही ढासळली असती. वामनराव ओरडले, "खाली काहीतरी अंथरा! ताडपत्री आना!"

ताडपत्री घरी होती. हाताशी फ्लेक्स होतं. मायाबाईंनी ते पाटणकरांच्या बगलेतून ओढलं, चरात अंथरलं आणि कडांवर दगड ठेवले. पाणी रोहिताच्या गुलाबी पिसांवरून आणि आमच्या सोसायटीच्या नावावरून हिरामणच्या धानात घुसलं. पाटणकरांनी त्याचा फोटो काढला नाही.

मी दमून बसलो तेव्हा चर पुन्हा बुजू लागला होता. आणि मग हिरामण छत्री टाकून चिखलात उतरला, धुऱ्याच्या कडेला आला, हात पुढे केला आणि सरळ वामनरावांकडे पाहून म्हणाला,

"वामन, फावडं दे इकडे."

सगळे थिजले. शकुनच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. वामनरावांनी माझ्याजवळचं फावडं उचलून दिलं. हिरामणनं धुऱ्यावर पाय न ठेवता, आपल्या बांधीत उभं राहूनच चर साफ केला. वामनराव आपल्या बाजूनं हातानं चिखल ओढू लागले. पाणी खळखळून वाहायला लागलं आणि घरट्याचा बुडालेला एक थर वर दिसू लागला.

"पाय दुखते का रे तुहा अजून?" वामनरावांनी विचारलं.

"हौ. थंडीत दुखते."

पाटणकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मायाबाई पदरानं तोंड पुसत होत्या. फक्त सुनंदा माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, हे दोघं बोलायला लागले, तर शुक्रवारी सही होणार. मग त्या अंड्यांचं काय?"

मला जे नेहमी सुचतं तेच सुचलं. मी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पावतीपुस्तक काढलं आणि म्हणालो, की सोसायटीचे पैसे या नुकसानीपोटी द्यायला माझी हरकत नाही. किती धान गेलं ते सांगा. हिरामण दहा हजार म्हणाला. मी पाच म्हणालो. मायाबाईंनी बांधीचा खालचा पट्टा डोळ्यांनी मापला आणि साडेसहा ठरवले. दोघंही कबूल.

"पावतीवर लिहावं लागेल, कशासाठी दिले," मी म्हणालो. "धुरा फोडून पाणी सोडल्याबद्दल. आणि धुऱ्याच्या मालकाची सही लागेल. मालक कोण?"

हे मी मुद्दाम विचारलं असं पाटणकर आजही म्हणतात. आमच्या सोसायटीचा हिशेब तपासणारा माणूस हेच विचारतो, एवढंच मी सांगू शकतो.

"मी," वामनराव म्हणाले.

"कोन?" हिरामण म्हणाला.

त्यानंतर जे झालं ते सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही. वाटणी निघाली, दोघांचे वडील निघाले, लग्नातला एक कोट निघाला, विहिरीची दोरी निघाली. फावडं एकदा इकडे आणि एकदा तिकडे खेचलं गेलं. शेवटी हिरामण छत्री उचलून म्हणाला, "पाखरा, त्याले सांगून दे, शुक्रवारी मी सही करनार नाई."

"पाखरा, त्याले म्हन, मीबी नाई!"

मायाबाईंनी कपाळावर हात मारला. नरानं आणखी एक चूड आणून ढिगावर टाकली.

किरनापुर

शुक्रवारी आम्ही किरनापुरला गेलो. छोटं बाजारगाव. तहसील कचेरीसमोर वकिलांची टेबलं, झेरॉक्सची दुकानं, चहाची गाडी. दोन्ही भाऊ आपापल्या वकिलाजवळ, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. दोघेही पाऊस, पंचनामा आणि समझौता यांवर एकाच वेळी बोलत होते. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं, त्यामुळे शांतता होती.

पाऊस थांबला होता. सकाळी वामनरावांनी मला शेतावर नेलं होतं. मादी बसलेली होती. ढिगाला खालून शेवाळ धरलं होतं, पण दोन्ही अंडी कोरडी होती. वामनराव माझा दंड धरून म्हणाले, "साडूभाऊ, खरं सांगू का. ते समझौत्याचं म्हनत होतो तेव्हा मले झोप नव्हती येत. आता येते." कशामुळे येते, अंड्यांमुळे की दाव्यामुळे, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते वेगळं करून सांगता आलं नसतं.

कचेरीत मी आधी वामनरावांच्या वकिलाशी बोललो. मग चहा संपवून हिरामणच्या वकिलाशी. दोघांनाही एकच विचारलं : पुढची पेशी जितकी लांब घेता येईल तितकी घेता येईल का?

"किती लांब पाहिजे?" हिरामणच्या वकिलांनी विचारलं.

"पिल्लं उडायला लागेपर्यंत."

"कुनाची पिल्लं?"

मी सांगितलं. वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते म्हणाले, "सर, मी इतकी वर्षं वकिली करून राह्यलो. लोक येते अन् म्हनते, लवकर निकाल लावून द्या. मले जे येते ते करा, असं म्हननारे तुमी पहिलेच." पटवारी मोजणीला आलेला नाही, जागेवर पाणी आहे, नकाशाची प्रत मिळालेली नाही, अशी कारणं त्यांनी मोजली. सगळी खरी होती. पेशी जानेवारीत गेली. फी कामाच्या आधी घ्यायला दोघांनीही नाही म्हटलं. पक्ष्याचं काम आहे, आधी होऊ द्या, म्हणाले.

पाटणकर कान्हाला गेले. पावसाळ्यात आतलं जंगल बंद, त्यामुळे कडेच्या रानात दोन दिवस फिरून त्यांना चितळ, एक गवा आणि बरीचशी माणसं दिसली. सोसायटीच्या वार्षिक अहवालात त्यांनी लिहिलं आहे, की आमच्या प्रयत्नांनी दोन भावांमध्ये संवाद सुरू झाला. हे खोटं म्हणता येणार नाही. संवाद झाला. मीच तो थांबवला, एवढं त्यात आलेलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस शकुनचा फोन आला. एक अंडं सडलं. दुसऱ्यातून पिल्लू निघालं. ते आईच्या पायांतून चालतं आणि धानात दिसेनासं होतं. हिरामणनं आपल्या बाजूच्या दोन ओळी कापायच्या ठेवल्या आहेत. कारण विचारलं तर तो म्हणतो, त्या वादात आहेत.

सर्वसाधारण सभेत मी हिशेब मांडला. आठव्या गाडीवाल्यानं, ज्यानं काही दिलं नव्हतं, सर्वांत जास्त प्रश्न विचारले. निसर्गासाठी जमवलेल्या पैशांतून वकिलांची फी कशी काय, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, की त्या परिसरात सारसाचं एकच घर उरलं होतं आणि ते दावा चालू असेपर्यंतच उभं राहणार होतं. एवढ्या पैशांत याहून स्वस्त अभयारण्य मिळत असेल तर सभेनं सुचवावं. कुणी सुचवलं नाही. हिशेब मंजूर झाला.

अखेर दिलेली रक्कम अशी : श्री. हिरामण यांना बुडालेल्या धानापोटी साडेसहा हजार रुपये, पावतीवर देणारा म्हणून सारस जोडीचं नाव, मालकाच्या सहीची जागा कोरी. वामनरावांच्या वकिलांना दोन हजार आणि हिरामणच्या वकिलांना दोन हजार, निकाल लागू न दिल्याबद्दल.